बारावीनंतर मॅथ्स ‘तुरळक विषय’ म्हणून घेताय? शिक्षकाविना तयारीचा नीट क्रम

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडून एक प्रश्न हमखास येतो. अकरावीला बायोलॉजी घेतलं, मॅथ्स सोडलं, आता इंजिनिअरिंगला जायचंय; तर एकट्या मॅथ्सची परीक्षा देता येते का? येते. बोर्डाच्या फॉर्मवर त्याला ‘तुरळक विषय’ म्हणतात.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कॉलेजच्या तासाला बसता येत नाही, गावात मॅथ्सचे सर नसतात, तालुक्याच्या क्लासला जायचं तर एसटीत अर्धा दिवस मोडतो. मग मुलं बारावीचं पुस्तक आणतात आणि पहिल्या पानापासून सुरू करतात. लॉजिक होतं, मॅट्रिक्स होतं, ट्रिगोनोमेट्रीत गाडी रुतते आणि दिवाळीनंतर पुस्तक मिटतं. मुलं हुशार असतात, कष्टाळूही असतात. चुकतो तो क्रम. शिवाय आपलं उत्तर बरोबर की चूक हे स्वतः कसं तपासायचं, ते त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. हा लेख या दोन गोष्टींसाठी आहे.

## टप्पा १: पुस्तकाआधी कॉलेजचं कार्यालय

निकालानंतर लगेच, जूनमध्येच, ज्या कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झाली तिथल्या कार्यालयात जा. परीक्षेचं काम बघणाऱ्या क्लार्कला भेटा आणि पुढचे प्रश्न वहीत लिहूनच न्या.

१. तुरळक विषयाचा फॉर्म याच कॉलेजमधून भरायचा ना? कधी सुरू होईल, कोणती कागदपत्रं लागतील?

२. अकरावीला मॅथ्स नव्हतं. चालेल ना? हे लपवू नका, आधीच सांगा.

३. मॅथ्सचे २० गुण प्रॅक्टिकलचे असतात. जर्नल कोणाकडे तपासायचं, प्रॅक्टिकल परीक्षेला कधी यायचं?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. मॅथ्सला प्रॅक्टिकल असतं हेच बायोलॉजीच्या मुलांना ठाऊक नसतं. लेखी ८० आणि प्रॅक्टिकल २० मिळून १०० गुण होतात. प्रॅक्टिकल लेखीच्या आधी उरकतं, त्यामुळे तारीख हुकली तर लेखीच्या वेळी हळहळून उपयोग नाही.

आपल्याकडची कॉलेजं नाशिक विभागीय मंडळाखाली येतात. कॉलेजात उत्तर मिळालं नाही, तर लेखी अर्ज करून मुख्याध्यापकांमार्फत मंडळाला विचारायला सांगा. कोणीतरी तोंडी सांगितलं म्हणून वर्ष पणाला लावू नका.

थांबा: फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचे फॉर्म साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये सुरू होतात आणि तारखा दरवर्षी हलतात. आपल्याकडे नेमका तेव्हाच कापूस वेचणीला येतो. ‘व्हई जाई’ (होऊन जाईल) म्हणून सोडू नका. सप्टेंबरपासून दर सोमवारी कॉलेजला फोन करा.

तपासा: मॅथ्स कशासाठी हवंय ते एका ओळीत लिहा. राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच, आणि पात्रतेच्या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ४०. म्हणून ‘३५ पडले की झालं’ हा हिशोब इथे पुरत नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा फॉर्म वेगळा असतो आणि त्यात पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गट निवडावा लागतो. एनडीएमधून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हवाई दल किंवा नौदलात जायचं असेल तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही हवेत. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

(उलट्या दिशेने, म्हणजे मॅथ्स होतं आणि आता ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी बायोलॉजी हवंय, अशांनाही वाट आहे. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून बायोलॉजी घेतलेल्यांना पात्र धरण्याचा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. तिथे प्रॅक्टिकलचा प्रश्न आणखी मोठा असतो. कार्यालयाची फेरी त्यांनाही चुकत नाही.)

## टप्पा २: साहित्य थोडं, पण पूर्ण

बालभारतीची चार पुस्तकं लागतात: अकरावी मॅथ्स भाग १ व २, बारावी मॅथ्स भाग १ व २. कला व विज्ञान शाखेचीच घ्या. कॉमर्सचं पुस्तक वेगळं असतं आणि घाईत तेच घेऊन येणारे कमी नाहीत. ई-बालभारतीवर चारही पुस्तकं फुकट मिळतात. रेंज असेल तिथे एकदाच उतरवून ठेवा. पण उदाहरणं सोडवायला छापील पुस्तक बरं. मोबाईलवर पान मोठं-लहान करता करता सूत्र हातून निसटतं, आणि मोबाईल हातात असला की आणखीही बरंच निसटतं.

याशिवाय मागच्या काही वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका, लॉग टेबल आणि तीन वह्या: एक सरावाची, एक सूत्रांची, एक चुकांची. चुकांच्या वहीबद्दल पुढे सविस्तर येईल.

गाइड एकच आणा आणि ते कपाटात ठेवा. एकट्याने शिकणाऱ्याचा सगळ्यात मोठा घात गाइड समोर उघडं ठेवल्याने होतो. उत्तर वाचताना सगळं समजतं आणि आपल्याला येतंय असं वाटतं. कोऱ्या कागदावर मात्र पहिली ओळही सुचत नाही. व्हिडिओचंही तसंच. एका धड्याला एकच शिक्षक निवडा. चार जणांच्या चार पद्धती बघितल्या की कुठलीच हातात बसत नाही.

## टप्पा ३: आधी अकरावी, पण सगळी नाही

इथेच सर्वांत जास्त लोक चुकतात. काही जण अकरावी पूर्ण सोडतात, तर काही जण भीतीपोटी सगळी करत बसतात आणि ऑगस्ट उजाडतो. दोन्ही नको. आधी ही चार उदाहरणं पुस्तक न बघता सोडवा.

१. साइन ७५ अंशांची किंमत टेबल न बघता काढा.

२. (१, २) या बिंदूतून जाणाऱ्या आणि ३एक्स + ४वाय = ५ या रेषेला लंब असणाऱ्या रेषेचं समीकरण लिहा.

३. पाच जणांतून दोघांची निवड किती प्रकारे होईल?

४. एक्सचा वर्ग गुणिले साइन एक्स, याचं डेरिव्हेटिव्ह काढा.

उत्तरं अशी: पहिल्याचं (√६ + √२) भागिले ४. दुसऱ्याचं ४एक्स − ३वाय + २ = ०. तिसऱ्याचं १०. चौथ्याचं २एक्स साइन एक्स + एक्सवर्ग कॉस एक्स.

चारही आली तर हा टप्पा दोन आठवड्यांत उरकेल. एकही आलं नाही तरी घाबरू नका, बायोलॉजीच्या मुलांचं बहुधा तसंच होतं. मग जून आणि अर्धा जुलै या क्रमाने द्या.

- अँगल आणि त्याचं मोजमाप: रेडियन पक्कं करा. साइन एक्सचं डेरिव्हेटिव्ह कॉस एक्स येतं ते एक्स रेडियनमध्ये असेल तेव्हाच. दोन दिवस पुरे.
- ट्रिगोनोमेट्रीचे दोन्ही धडे: कंपाउंड अँगल, डबल अँगल, बेरजेचा गुणाकार आणि गुणाकाराची बेरीज करण्याची सूत्रं. हे सावकाश, दोन आठवडे घेऊन करा. पुढचं निम्मं इंटिग्रेशन याच सूत्रांवर चालतं.
- स्ट्रेट लाइन, डिटरमिनंट आणि मॅट्रिक्स.
- परम्युटेशन-कॉम्बिनेशनमधून फक्त एनसीआरचा भाग (एन जणांतून आर जणांची निवड किती प्रकारे होते ते), आणि प्रोबॅबिलिटीची मूळ कल्पना.
- फंक्शन, लिमिट, कंटिन्युइटी, डिफरन्सिएशन: पुन्हा दोन आठवडे.

कॉम्प्लेक्स नंबर, सर्कल, कॉनिक सेक्शन, इंडक्शन हे धडे बारावीच्या बोर्डासाठी आत्ता अडत नाहीत. सीईटी देणाऱ्यांनी मात्र पुढे वेळ राखून ठेवावा. तिथे साधारण २० टक्के भार अकरावीवर असतो आणि त्यात सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर येतात.

तपासा: ट्रिगोनोमेट्रीची सूत्रं कोऱ्या कागदावर, न बघता, सलग तीन दिवस बरोबर लिहिता आली तरच पुढे जा.

## टप्पा ४: बारावीचे धडे पुस्तकाच्या क्रमाने करू नका

पुस्तकात भाग १ आधी आणि भाग २ नंतर येतो. वर्गात दोन शिक्षक दोन्ही भाग एकाच वेळी शिकवतात, म्हणून तिथे ते जमतं. एकट्याने भाग १ संपवून भाग २ ला हात घातला तर डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन हा सगळ्यात जड आणि सगळ्यात गुणांचा भाग थंडीत, परीक्षा तोंडावर असताना येतो. म्हणून धड्यांच्या दोन रांगा करा.

मोठी रांग. हिचा क्रम मोडायचा नाही. ट्रिगोनोमेट्रिक फंक्शन, डिफरन्सिएशन, ॲप्लिकेशन ऑफ डेरिव्हेटिव्ह, इनडेफिनिट इंटिग्रेशन, डेफिनिट इंटिग्रेशन, त्याचं ॲप्लिकेशन म्हणजे क्षेत्रफळ, डिफरन्शियल इक्वेशन, मग प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन आणि बायनॉमियल. प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन स्वतंत्र आहे असं समजून लोक आधी घेतात, पण त्यातल्या कंटिन्युअस व्हेरिएबलच्या उदाहरणांना डेफिनिट इंटिग्रेशन लागतं.

छोटी रांग. लॉजिक, मॅट्रिक्स आणि लिनियर प्रोग्रॅमिंग हे तीन धडे सुटे आहेत, कधीही घ्या. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, वेक्टर आणि लाइन-प्लेन हे मात्र याच क्रमाने.

रोज सकाळचा ताजा वेळ मोठ्या रांगेला द्या, उरलेला छोट्या रांगेला. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी वेचणीचे आठवडे आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत. त्या दिवसांत नवं इंटिग्रेशन डोक्यात शिरत नाही. लॉजिकचे ट्रुथ टेबल किंवा लिनियर प्रोग्रॅमिंगचं एखादं उदाहरण दमलेल्या माणसालाही जमतं. केळीवाल्यांचं काम तर बारा महिने असतं. त्यांनी पहाटेचा दीड तास ठरवून घ्यावा आणि घरच्यांना तो स्पष्ट सांगून ठेवावा.

२०२४ मध्ये बारावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि २०२५ मध्ये ११ फेब्रुवारीलाच. म्हणून शेवटचा नवा धडा डिसेंबरच्या मध्याला संपेल असंच वेळापत्रक आखा.

## टप्पा ५: एक धडा कसा करायचा

१. धड्याची ओळख आणि व्याख्या वाचा. सूत्र कुठून आलं ते एकदा स्वतः लिहून काढा.

२. सोडवलेलं उदाहरण वाचा, पुस्तक मिटा, तेच उदाहरण कोऱ्या पानावर सोडवा. अडलात तर अडलेली ओळ तेवढी बघा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

३. उदाहरणसंग्रहातली विषम क्रमांकांची उदाहरणं आज करा, सम क्रमांकांची चार दिवसांनी. चार दिवसांनी पद्धत आठवली तरच ती आपली झाली.

४. अडलेल्या उदाहरणाला वीस मिनिटं द्या. नुसतं बघत बसू नका, काहीतरी लिहीत राहा. मगच गाइड काढा, आणि तेही फक्त पुढची एक ओळ बघण्यापुरतं.

५. धड्याच्या शेवटी संकीर्ण उदाहरणसंग्रह घड्याळ लावून सोडवा.

थांबा: ‘हे सोपं आहे, नजरेनेच कळतं’ म्हणून उदाहरण न लिहिता पुढे जाऊ नका. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, आणि पायऱ्या नीट मांडायची सवय हाताला लागते ती लिहूनच.

## टप्पा ६: सर नाहीत, मग वही कोण तपासणार?

उत्तरसूचीशी उत्तर जुळवणं म्हणजे तपासणं, असं अनेकांना वाटतं. उत्तरसूची फार तर चुकल्याचं सांगते, कुठे चुकलं ते सांगत नाही. शिवाय परीक्षेत ती नसते. पण मॅथ्सच्या जवळपास प्रत्येक धड्यात उत्तर उलटं तपासायची सोय आहे. शिक्षक नसलेल्याने ती पहिल्या दिवसापासून अंगी बाणवायची.

- इनडेफिनिट इंटिग्रेशन: आलेल्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्या, मूळ फंक्शन परत यायला हवं. एक्स गुणिले कॉस एक्सचं उत्तर एक्स साइन एक्स + कॉस एक्स + सी. डेरिव्हेटिव्ह घेतलं की साइन एक्स कटतो आणि एक्स कॉस एक्स उरतो. अर्ध्या मिनिटाचं काम. ‘+ सी’ विसरणं ही इथली नेहमीची चूक.
- डेफिनिट इंटिग्रेशन: सबस्टिट्युशन केलं की मर्यादा बदलल्या का बघा. ० ते १ मध्ये २एक्स गुणिले (एक्सवर्ग + १) चा घन घ्या. टी = एक्सवर्ग + १ धरलं की मर्यादा १ ते २ होतात आणि उत्तर १५/४ येतं. मर्यादा ० ते १ च ठेवल्या तर १/४ येतं, आणि चूक दिसतही नाही.
- मॅट्रिक्स इन्व्हर्स: मूळ मॅट्रिक्सशी गुणा, आयडेंटिटी यायलाच हवी.
- डिफरन्शियल इक्वेशन: उत्तर मूळ समीकरणात घालून बघा.
- रेषा आणि प्लेन: दिलेला बिंदू समीकरणात घाला. शून्य येत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.
- लिनियर प्रोग्रॅमिंग: प्रत्येक कोपऱ्याचा बिंदू सगळ्या अटींत बसतो का बघा. एक अट विसरून चुकीचा कोपरा धरणं सर्रास होतं.
- प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन: सगळ्या प्रोबॅबिलिटींची बेरीज १ हवी, एकही प्रोबॅबिलिटी ऋण नको.

ट्रिगोनोमेट्रीच्या समीकरणांत एक चूक फार चिवट आहे. साइन २एक्स = साइन एक्स सोडवताना मुलं २ साइन एक्स कॉस एक्स = साइन एक्स असं लिहितात आणि दोन्ही बाजूंना साइन एक्सने भागतात. उरतं कॉस एक्स = १/२. पण साइन एक्स शून्य असतानाही समीकरण खरंच आहे, म्हणजे एक्स = एन पाय ही उत्तरं हरवली. शून्य होऊ शकेल अशा कशानेही भागू नका. सगळं एका बाजूला घ्या आणि अवयव पाडा.

आता चुकांची वही. प्रत्येक चुकीला तीन गोष्टी लिहा: उदाहरण कोणतं, चूक नेमकी कोणत्या ओळीत, आणि प्रकार कोणता (सूत्र चुकलं, चिन्ह चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही की पद्धतच सुचली नाही). दर रविवारी वही उघडा आणि ज्या प्रकाराच्या चुका जास्त, त्यावरच तासभर बसा. ‘मॅथ्स कच्चं आहे’ म्हणून धीर सोडणाऱ्या कितीतरी जणांची वही बघितली तर अर्ध्या चुका नुसत्या वजाबाकीच्या चिन्हाच्या निघतात. तो आजार महिनाभरात बरा होतो.

तरीही काही शंका उरतीलच. त्या साठवा आणि पंधरवड्यातून एकदा कोणाला तरी दाखवा: जुन्या कॉलेजचे सर, शिरपूर-जळगावला इंजिनिअरिंग करणारा गावातला दादा, नात्यातली एखादी ताई. ‘इंटिग्रेशन समजत नाही’ असं म्हटलं की समोरचाही गोंधळतो. ‘इथवर आलो, ही ओळ कशी आली?’ असं वहीवर बोट ठेवून विचारा. असं विचारणाऱ्याला सहसा कोणी परत पाठवत नाही.

## टप्पा ७: पेपर लिहिण्याचा सराव

डिसेंबरच्या मध्यापासून नवं काही नाही, फक्त पेपर. ८० गुण, तीन तास. रचना अशी असते:

- विभाग ए: बहुपर्यायी ८ प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, आणि अतिलघुत्तरी ४ प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे.
- विभाग बी: १२ पैकी ८, प्रत्येकी २ गुण.
- विभाग सी: १२ पैकी ८, प्रत्येकी ३ गुण.
- विभाग डी: ८ पैकी ५, प्रत्येकी ४ गुण.

विभाग ए मध्ये निवडीला वाव नाही, म्हणून कुठलाही धडा संपूर्ण सोडता येत नाही. निदान त्याची व्याख्या आणि सूत्रं यायला हवीत. बी, सी, डी मध्ये निवड भरपूर आहे. एखाद्या धड्याची लांबलचक उदाहरणं जमत नसतील तर ती तिथे बाजूला ठेवता येतात.

वेळेची वाटणी मी अशी सुचवेन: ए ला ३० मिनिटं, बी ला ३५, सी ला ५५, डी ला ४५, आणि शेवटची १५ मिनिटं टप्पा ६ मधल्या उलट्या तपासणीला. आठवड्याला दोन पेपर, एका बैठकीत, थंडीचं कारण न काढता आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे सरावातही कॅल्क्युलेटरला हात लावू नका.

पेपर त्याच दिवशी तपासू नका. दोन दिवसांनी लाल पेन घ्या आणि दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा तपासा. ओळ वाचून कळत नसेल तर परीक्षकालाही कळणार नाही, तिथे गुण देऊ नका.

थांबा: प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना पाठ असू द्या. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावं लागतं. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण मिळत नाही. पहिलाच प्रयत्न ग्राह्य धरतात, म्हणून कच्चं काम करूनच उत्तर लिहा. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करा. लिनियर प्रोग्रॅमिंगला ग्राफ पेपर लागत नाही, कच्ची आकृती चालते. अचूक आलेख काढण्यात दहा मिनिटं घालवू नका.

जानेवारीत प्रॅक्टिकलच्या तारखेसाठी कॉलेजात पुन्हा एक फेरी मारा आणि जर्नलवर सही झाली आहे ना ते स्वतः बघा. हॉल तिकीट हातात आलं की विषयाचं नाव आणि विषय क्रमांक तिथेच उभं राहून वाचा. कला-विज्ञान आणि कॉमर्स यांच्या मॅथ्सचे क्रमांक वेगळे आहेत. निकालानंतर मॅथ्सचं गुणपत्रक वेगळं येतं. प्रवेशाच्या कागदपत्रांत ते आणि आधीचं बारावीचं गुणपत्रक, दोन्हींच्या प्रती एकत्र लावा.